परदेशात मेलेल्याचे पान कोण वाढणार?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. १८८२ सालच्या सॅन फ्रान्सिस्कोमधील चिनी वस्तीत घडणारी एक ऐतिहासिक अद्भुतकथा आपण मराठीत लिहायला घेतली आहे. तिचा नायक लाँड्री चालवणारा एक स्थलांतरित आहे, त्याच्यावर भाळलेली एक मायावी कोल्हीण आहे, आणि शेवटच्या प्रकरणात पॅगोडांच्या छपरांखालून उड्या मारत चालणारी प्रेते बाहेर पडतात. हे त्या काळाला आणि त्या माणसांना शोभते का, चिनी नावे देवनागरीत कशी लिहावीत, आणि आपण स्वतः चिनी नसताना हा विषय हाती घ्यावा का, असे आपण विचारले आहे. मी जवळजवळ वीस वर्षे याच प्रकारच्या कथा लिहीत आणि इतरांच्या संहिता तपासत आलो आहे, म्हणून जे मनापासून वाटते ते सविस्तर लिहितो.

सर्वांत आधी ही माणसे कोठून आली ते पाहू, कारण लोककथा ही देशाची नसते, गावाची असते. कॅलिफोर्नियात १८४८ साली सोने सापडले आणि पुढच्या तीन-चार वर्षांत चिनी माणसांची रीघ लागली. एकट्या १८५२ सालात सुमारे वीस हजार जण उतरले. हे लोक अख्ख्या चीनमधून आलेले नव्हते. त्यांतील बहुसंख्य माणसे दक्षिणेकडील क्वांगतुंग प्रांतातल्या मोती नदीच्या मुखाजवळच्या मोजक्या तालुक्यांतली होती, आणि त्यातही सुन निंग, सुन वुइ, होइ पिंग व यान पिंग या चार तालुक्यांतली फार. या चार तालुक्यांना मिळून ‘सी यप’, म्हणजे ‘चार परगणे’, असे म्हणत. सुन निंगलाच १९१४ नंतर तोइसान हे नाव मिळाले. त्यांची बोली पेकिंगच्या अधिकाऱ्याला कळली नसती, त्यांचे देव बव्हंशी समुद्राचे, नदीचे आणि शपथेचे होते, आणि परदेशाला ते ‘गाम सान’, सोन्याचा डोंगर, म्हणत. आपल्या नायकाचे गाव कोणते, हे आपल्या संहितेत कुठेच आलेले नाही. ते आधी ठरवा. मालवणच्या माणसाच्या कथेत विदर्भातले भूत आणले तर आपल्याला जसे खटकेल, तसेच त्यांनाही खटकते.

म्हणून कोल्हीण आधी बाजूला ठेवा, असे मी सुचवेन. माणसाचे रूप घेऊन पुरुषाला भुलवणारी कोल्हीण ही प्रामुख्याने उत्तर चीनमधली. सतराव्या शतकातील शांतुंगचा कथाकार फू सुंगलिंग याने अशा कोल्हिणींच्या पुष्कळ कथा लिहिल्या, आणि उत्तरेत जसे कोल्हे तसे दक्षिणेत ‘वूथुंग’ नावाचे उपद्रवी देव, असा भेदही त्यानेच नोंदवून ठेवला आहे. माझ्या पहिल्या कादंबरीच्या खर्ड्यात मीही कोल्हीण घातली होती. वाचनाच्या वेळी तोइसानच्या घराण्यातल्या एका वृद्ध बाईंनी मला शांतपणे विचारले, की आमच्या गावात मोती नदीच्या चिखलात ही कोल्हीण आली कुठून. त्यांच्या आजीने त्यांना सांगितलेल्या गोष्टींत बुडून मेलेली माणसे होती, आणि नवरा गाम सानला गेल्यामुळे कोंबड्याशी लग्न लागलेल्या बायका होत्या. हा कोंबडा कल्पनेतला नाही. परदेशी अडकलेल्या वराच्या जागी कोंबडा उभा करून त्या गावांत खरोखर लग्ने लावली जात. ते पूर्ण प्रकरण मी त्याच आठवड्यात काढून टाकले आणि त्या जागी कोंबड्याची वधू लिहिली.

उड्या मारणाऱ्या प्रेताचे प्रकरण जरा गुंतागुंतीचे आहे. ताठ झालेले, आत्मा निघून गेलेले पण चालते मढे, म्हणजे ‘क्युंग सी’, हे अठराव्या शतकातील चिनी टिपणवजा कथासंग्रहांत भरपूर आढळते. पण अधिकाऱ्याचा झगा, कपाळावर पिवळा मंत्रलेला कागद आणि हात पुढे करून मारलेल्या उड्या हे जे चित्र आज जगभर डोळ्यांपुढे येते, ते मुख्यतः १९८०च्या दशकातील हाँगकाँगच्या चित्रपटांनी घडवलेले आहे. शिवाय परगावी मेलेल्यांची प्रेते मांत्रिकाने रात्री चालवत घरी नेण्याची दंतकथा हुनान प्रांताच्या पश्चिम भागाशी जोडलेली आहे. या दंतकथेच्या मुळाशी असलेली तळमळ, घरापासून दूर मेलेल्याने घरी परतले पाहिजे ही, मात्र सी यपच्या माणसांचीही होती. अडचण एवढीच की मध्ये पॅसिफिक महासागर होता आणि प्रेताला तो उडी मारून ओलांडता येत नव्हता. त्यासाठी त्यांनी जी व्यवस्था उभी केली, ती कोणत्याही राक्षसापेक्षा अद्भुत आहे. तिच्याकडे मी लवकरच येतो.

पॅगोडांची छपरे तर काढूनच टाका. आज दिसणारे वळणदार छपरांचे चायनाटाउन हे १८ एप्रिल १९०६च्या भूकंपानंतर आणि आगीनंतर उभे राहिले. वस्ती शहराच्या टोकाला हलवण्याचा घाट तेव्हा घातला जात होता. तो हाणून पाडण्यासाठी चिनी व्यापाऱ्यांनी गोऱ्या वास्तुविशारदांकडून मुद्दाम ‘पौर्वात्य’ दिसणाऱ्या इमारती बांधून घेतल्या. आपल्या १८८२च्या ड्युपॉन्ट स्ट्रीटवर, म्हणजे वस्तीच्या मुख्य रस्त्यावर, साध्या विटांच्या, इतर शहरासारख्याच इमारती होत्या. फरक होता तो सज्जांत, कंदिलांत, लाल कागदांवरच्या अक्षरांत आणि वासांत. भूकंपापूर्वीच्या वस्तीची आर्नोल्ड गेंटे याने काढलेली छायाचित्रे अवश्य पाहावीत, पण त्याने काही छायाचित्रांतील गोरी माणसे आणि इंग्रजी पाट्या खोडून वा कापून टाकल्या होत्या, हेही ध्यानात ठेवावे. वस्तीला गूढ बनवण्याची ही हौस तेव्हापासूनची आहे. रस्त्यांखालची भुयारे ही तिचीच दुसरी उपज. भूकंपाने सारे उघडे पडले तेव्हा तशी भुयारे काही निघाली नाहीत. आपल्या कथेत तळघर असू द्या, कारण तळघरांत माणसे खरोखर दाटीवाटीने राहत होती, पण भुयार नको.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. स्थलांतरितांच्या अद्भुतकथेत कोणता राक्षस घ्यावा, हा प्रश्न माझ्या मते दुय्यम आहे. तिथे पहिला प्रश्न असतो तो असा, की परदेशात मेलेल्या माणसाचे पान कोण वाढणार, कोणत्या नावाने वाढणार, आणि ते त्याला पोचणार कसे. सी यपच्या गावात मेलेल्या माणसाच्या दोनच गती असतात. त्याचे वंशज त्याच्या नावाने वाटी-काड्या मांडून जेवण ठेवत असतील तर तो पितर. कोणीच ठेवत नसेल तर तो ‘ग्वाय’, भूत. घरातल्या पितरांना घरात वाढतात, भुतांना दाराबाहेर, रस्त्याच्या कडेला. म्हणजे एका घराचा पितर तोच दुसऱ्या घराचे भूत होतो. त्याच्यात स्वतःमध्ये काही बदललेले नसते, बदललेले असते ते फक्त वाढणारे माणूस. ही कल्पना मराठी वाचकाला शिकवावी लागत नाही. ज्याने पितृपक्षात कावळ्याची वाट पाहिली आहे, त्याला ती पहिल्या वाक्यात कळते.

या ठिकाणी एक खरा दुवाही आहे आणि तो आपण वापरावा. सातव्या चांद्रमासाच्या पौर्णिमेला चिनी लोक भुकेल्या भुतांना अन्न देतात. ती पौर्णिमा बहुतेक वर्षी आपल्या नारळी पौर्णिमेच्याच दिवशी किंवा एखाद्या दिवसाच्या फरकाने येते. त्यामागची कथा मु-लिएनची आहे, आणि मु-लिएन म्हणजे बुद्धाचा शिष्य मौद्गल्यायन, आपल्याकडचे बौद्ध ज्याला मोग्गलान म्हणून ओळखतात तोच. त्याची आई मेल्यावर भुकेल्या योनीत जन्मली, त्याने दिलेला घास तिच्या तोंडाशी जाताच निखारा होई, आणि शेवटी सातव्या महिन्याच्या पौर्णिमेला संघाला दान देऊन त्याने तिला सोडवले. चिनी भाषेतील ‘भुकेले भूत’ हा शब्द संस्कृत ‘प्रेत’ शब्दाचा अनुवाद आहे. पण इथे आपल्याला जपून पाऊल टाकावे लागते, कारण मराठीत ‘प्रेत’ म्हणजे मढे, आणि वाचकाच्या डोळ्यांपुढे नेमके उलटे चित्र येते. चिनी समजुतीत माणसाला तीन ‘हुन’ आणि सात ‘फो’ असतात. ढोबळमानाने हुन हा वर जाणारा, फो हा देहाला चिकटून राहणारा. ग्वाय हा देह गमावलेला आत्मा, तर क्युंग सी हा आत्मा गमावलेला देह. म्हणून पहिल्याला मी ‘भूत’ किंवा प्रसंगी ‘अतृप्त’ म्हणतो आणि ‘प्रेत’ हा शब्द फक्त दुसऱ्यासाठी राखतो. हडळ, मुंजा, वेताळ हे शब्द मात्र कटाक्षाने टाळावेत. ते शब्द इतके आपले आहेत की त्यांच्यामागून पिंपळ आणि वेशीवरचा मारुती आल्यावाचून राहत नाही.

आता त्या व्यवस्थेकडे. कॅलिफोर्नियात मेलेल्या माणसाला आधी तिथेच पुरत, आणि ते पुरणे तात्पुरते असे. काही वर्षांनी त्याच्या तालुक्याच्या मंडळाने, म्हणजे परदेशातल्या गाववाल्यांच्या संघटनेने, नेमलेला माणूस येई, थडगे उकरी, हाडे बाहेर काढी, ती खरवडून धुई, वाळवी आणि मोजी. एकही हाड मागे राहू नये यासाठी माती चाळली जाई. मग ती कापडात गुंडाळून मांडीचे हाड मावेल एवढ्या पेटीत ठेवायची आणि पेटीवर नाव, तालुका, गाव लिहायचे. पेट्या बोटीने हाँगकाँगला जात, १८७० साली स्थापन झालेले तुंग वा रुग्णालय त्या उतरवून घेई आणि गावोगावी पोचवण्याची सोय करी. ज्याची हाडे सापडलीच नाहीत, जो सुरुंगात फुटला किंवा नदीत वाहून गेला, त्याच्यासाठी आत्म्याला हाक मारून बोलावून रिकाम्या पेटीत बसवण्याचा विधी होता, आणि ती रिकामी पेटीही इतरांच्या बरोबरीने प्रवास करी. हे काम करणाऱ्या माणसाचा विचार करा. कॅलिफोर्नियातल्या सिएरा नेवाडा डोंगरांतल्या एखाद्या ओसाड खाणगावात, पावसाने पुसट झालेल्या लाकडी पाटीवरचे नाव आपल्या वहीतल्या नावाशी ताडून पाहत तो उभा आहे. आपल्या कथेचा खरा नायक हा होऊ शकतो. मांत्रिक नको, तलवारबाज नको. चाळणी आणि वही घेतलेला कारकून.

आणि त्याच्यासमोर दुसरा कारकून उभा आहे. १८७८ साली कॅलिफोर्निया राज्याने कायदा केला, की परवान्याशिवाय थडगे उकरता येणार नाही आणि परवान्याला दहा डॉलर पडतील. मेलेल्या माणसालाही घरी जाण्यासाठी कागद लागू लागला. चिनी परलोकात हे अजिबात नवे नाही. तिथे दहा दरबार आहेत, त्यांतल्या एकावर ‘यिम लो’ बसतो, आणि हा यिम लो म्हणजे बौद्ध धर्माबरोबर इथून तिथे गेलेला आपला यम. त्याच्या दरबारात ‘फुन कुन’ नावाचा अधिकारी जन्म-मृत्यूची वही सांभाळतो, चित्रगुप्तासारखी. प्रत्येक गावाची भूमी एका देवाच्या अखत्यारीत, प्रत्येक नगर एका नगरदेवाच्या. मग सॅन फ्रान्सिस्कोत मेलेला सुन निंगचा माणूस कोणाच्या वहीत? त्याची हजेरी कोण लावणार? तिथल्या भूमीचा देव त्याला ओळखत नाही आणि गावाकडच्या नगरदेवाला तो मेल्याची वर्दी पोचलेली नाही. मला या प्रश्नापुढे कोणतीही उडणारी तलवार फिकी वाटते.

असा अपघात प्रत्यक्षातही झाला. कॅलिफोर्नियाचा नव्हे, न्यूझीलंडचा आहे, पण माणसे त्याच मोती नदीच्या परिसरातली. १९०२ साली ‘व्हेंटनॉर’ नावाची बोट सोन्याच्या खाणींत राबून मेलेल्या ४९९ चिनी माणसांचे अवशेष घेऊन वेलिंग्टनहून हाँगकाँगला निघाली आणि ऑक्टोबरमध्ये उत्तर बेटाच्या किनाऱ्यापाशी बुडाली. अवशेष घरी पाठवण्याच्या कामात पुढाकार घेणारे व्यापारी छोय स्यू होय हे स्वतः आदल्या वर्षी वारले होते, आणि तेही त्याच बोटीवर मृतांमध्ये होते. काही अवशेष किनाऱ्याला लागले; तिथल्या माओरी लोकांनी ते आपल्या जमिनीत पुरले आणि पिढ्यान्‌पिढ्या त्यांची आठवण ठेवली. परक्याने परक्याचे पान वाढले. हा प्रसंग मी पहिल्यांदा वाचला तेव्हा कितीतरी दिवस मला दुसरे काही सुचले नव्हते.

आपल्या नायकाच्या धंद्यातही हेच नावाचे सूत्र हाताशी आहे. १८८० साली सॅन फ्रान्सिस्कोने नियम केला, की लाकडी इमारतीत लाँड्री चालवायची तर शहराच्या कारभारी मंडळाची परवानगी हवी. शहरातील सुमारे ३२० लाँड्र्यांपैकी २४० चिनी लोकांच्या होत्या. दोनशेच्या आसपास चिनी अर्जदारांना परवानगी नाकारली गेली. इतरांपैकी एक वगळता सर्वांना मिळाली. ज्या लाँड्रीवाल्याने ही लढाई थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेऊन १८८६ साली जिंकली, त्याचे नाव निकालात ‘यिक वो’ असे आहे. पण यिक वो हे दुकानाचे नाव होते. माणसाचे नाव ली यिक. जगभरच्या कायद्याच्या विद्यार्थ्यांना आजही तो दुकानाच्या नावाने माहीत आहे. यमाच्या वहीत तो कोणत्या नावाने सापडेल? दुकानाच्या नावाने कोणी धूप जाळला तर तो त्याला पोचेल का? ही दोन वाक्ये आपल्या कथेचा कणा होऊ शकतील.

एक सावधगिरी. १९०६च्या आगीत शहराची जन्मनोंदणी जळाली, आणि त्यानंतर अनेकांनी आपण इथेच जन्मल्याचा दावा करून, चीनमध्ये आपल्याला मुलगे असल्याचे कागदोपत्री सांगून, त्या नावांवर दुसऱ्यांची मुले आणली. यांना ‘कागदी मुलगे’ म्हणत. सॅन फ्रान्सिस्कोच्या उपसागरातल्या एंजल आयलंड या बेटावरील स्थलांतरितांच्या ठाण्यात १९१० ते १९४० या काळात त्यांची उलटतपासणी होई: घरापासून विहिरीपर्यंत पावले किती, दुसऱ्या ओळीतल्या तिसऱ्या घरात कोण राहते. अशा माणसांच्या थडग्यांवर इंग्रजीत कागदावरचे नाव आणि चिनीत खरे नाव कोरलेले आढळते, कारण कायद्याला एक नाव दाखवायचे होते आणि पितरांना दुसरे. हे विलक्षण साहित्य आहे, पण ते १८८२च्या कथेत आणू नका. पुढचा भाग लिहाल तेव्हा ते आपली वाट पाहत असेल.

१८८२ साल आपण का निवडले हे आपण लिहिलेले नाही, पण निवड अचूक आहे. चिनी मजुरांना बंदी घालणाऱ्या कायद्यावर ६ मे १८८२ रोजी सही झाली आणि नव्वद दिवसांनी, ऑगस्टच्या आरंभी, तो लागू झाला. आता त्या वर्षीचे चांद्र पंचांग मांडून पाहा: नववर्ष १८ फेब्रुवारीला, म्हणजे सातवा महिना, भुतांचा महिना, ऑगस्टच्या मध्यावर सुरू होतो. जिवंतांसाठी अमेरिकेचे दार बंद झाले आणि दहा-बारा दिवसांत मेलेल्यांसाठी परलोकाचे दार उघडले. लेखकाने जुळवून आणावी अशी ही गोष्ट इतिहासाने आपणहून जुळवून ठेवली आहे. त्यात भर म्हणून हेही लक्षात घ्या, की ही माणसे गोऱ्यांना ‘फान ग्वाय’, परदेशी भुते, म्हणत. आपल्या पानांवर ‘भूत’ हा शब्द जिवंत पोलिसासाठीही येईल आणि मेलेल्या भावासाठीही, संदर्भावरूनच कळेल. त्या संदिग्धतेचा उपयोग करा, ती दूर करायच्या मागे लागू नका.

शहराबाहेर पडायची तयारी असेल तर मेरिजव्हिलचा विचार जरूर करावा. चिनी लोक सॅन फ्रान्सिस्कोला ‘दाय फाउ’, मोठे शहर, सॅक्रामेंटोला ‘यी फाउ’, दुसरे शहर, आणि मेरिजव्हिलला ‘साम फाउ’, तिसरे शहर, म्हणत. यूबा आणि फेदर या नद्यांच्या संगमावरच्या या गावात बोक काय या उत्तर दिशेच्या जलदेवाचे देऊळ आहे. सध्याची इमारत १८८०ची. देवळाला लागूनच पूरबांध आहे, आणि दुसऱ्या चांद्रमासाच्या द्वितीयेच्या सुमारास तिथे अजूनही जत्रा भरते, फटाके उडतात. आता ही बाजू पाहा. डोंगरात सोन्यासाठी पाण्याचे प्रचंड झोत मारून टेकड्याच्या टेकड्या धुऊन काढल्या जात होत्या, तो गाळ नदीत येई, आणि यूबेचा तळ वर येत येत गावाच्या रस्त्यांपेक्षा उंच झाला. १८८४ साली न्यायमूर्ती सॉयर यांच्या निकालाने तो गाळ नदीत सोडणे बंद झाले. पण त्या खाणींत राबणाऱ्यांत चिनी मजूर पुष्कळ होते. म्हणजे ज्या हातांनी टेकड्या धुतल्या, त्याच हातांनी पुरापासून वाचव म्हणून जलदेवापुढे उदबत्ती लावली. देवाने अशा भक्ताला काय उत्तर द्यावे? मी या प्रश्नावर एक दीर्घकथा लिहिली आणि तिचा शेवट चार वेळा बदलला. तरीही तो प्रश्न माझ्यापुरता संपलेला नाही.

नावांविषयी. मंदारिनचे, म्हणजे उत्तरेकडच्या दरबारी चिनी भाषेचे, उच्चार या माणसांच्या तोंडी घालू नका. युद्धवीर देव ‘क्वान कुंग’ असू द्या, समुद्राची देवी ‘तिन हाउ’. तिचे वेव्हर्ली प्लेसवरचे देऊळ १८५२ सालचे मानले जाते. देवनागरी या बाबतीत रोमन लिपीपेक्षा सरस आहे, कारण कँटोनीत, म्हणजे क्वांगतुंगच्या भाषेत, अल्पप्राण आणि महाप्राण असा भेद आहे आणि आपल्याकडे त्यासाठी वेगळी अक्षरेच आहेत. फक्त ‘फ’ जपून वापरावा, कारण आजचा मराठी वाचक तो ओठ-दातांनी उच्चारतो. ‘आ सिंग’, ‘आ ली’ यांतील ‘आ’ हे नाव नव्हे, ती जवळिकीची हाक आहे. अमेरिकन कारकुनांनी ती नावाचा भाग समजून नोंदवहीत उतरवली. निवेदनात तो ‘आ’ वगळा, संवादात ठेवा. नात्यांच्या बाबतीत तर मराठी फारच सोयीची आहे. बापाच्या थोरल्या भावाला आणि धाकट्या भावाला कँटोनीत वेगळे शब्द आहेत, ‘पाक’ आणि ‘सुक’. आपण थोरले काका आणि धाकटे काका म्हणतो. मामा, आत्या, मावशी यांचे भेदही तिथे आपल्यासारखेच काटेकोर आहेत, आणि इंग्रजी कादंबऱ्यांत ते सारे एका शब्दात बुडून जातात. आपल्या संहितेत ते आपोआप जिवंत राहतील. वडीलधाऱ्याला ‘अहो’ आणि बरोबरीच्याला ‘अरे’ हे त्यांच्या रीतीलाही धरून आहे.

आपण चिनी नाही, म्हणून लिहावे का, याचे उत्तर माझ्या परीने असे आहे: लिहावे, पण आधी त्यांनी स्वतः मागे ठेवलेले शब्द वाचून. एंजल आयलंडच्या लाकडी भिंतींवर कोरलेल्या कविता, मंडळांचे अहवाल, न्यायालयातल्या जबान्या हे सारे उपलब्ध आहे, आणि त्यात गूढपणा कमी आणि हिशोब, राग, घरची ओढ जास्त आहे. आपल्याला अगदी जवळचीही एक पायवाट आहे. मुंबईत माझगावला नवाब टँक रोडवर क्वान कुंगचे छोटे देऊळ आहे, १९१९ साली बांधलेले, आणि त्याचे नाव आहे ‘सी यप’. तेच चार परगणे. गाम सानला गेलेल्यांचे गाववाले बोटींवर काम करत माझगावच्या गोदीलाही आले होते. कॅलिफोर्नियाला जाण्यापूर्वी एकदा तिथला जिना चढून पाहा, त्या देवाचा लाल चेहरा पाहा, आणि शकुनाच्या काड्या हलवताना नळकांड्यातून जो आवाज येतो तो कानांत साठवून घ्या.

शेवटच्या प्रकरणाविषयी आपण सल्ला मागितला आहे. प्रेतांच्या फौजेऐवजी मी आपल्याला एक जागा सुचवतो. शहराच्या वायव्य टोकाला, जिथे आज लिंकन पार्कचे गोल्फचे मैदान आहे, तिथे तेव्हा शहराची दफनभूमी होती आणि चिनी मंडळांचे विभाग तिच्यात होते. त्या मैदानावर आजही काँग चाउ मंडळाची, म्हणजे सुन वुइकडच्या लोकांची, उत्तरक्रियेची दगडी वास्तू एकटी उभी आहे. दगडी खांब, वर आडवा दगड, त्यावर चिनी अक्षरे. भोवती कापलेले हिरवे गवत, आणि पलीकडे समुद्राचा वारा. गोल्फ खेळणारे तिच्या शेजारून जातात. मी तिथे जातो तेव्हा नेहमी एक संत्रे नेतो आणि पायथ्याशी ठेवून येतो.

आपल्या लाँड्रीवाल्याला सातव्या महिन्याच्या पौर्णिमेच्या रात्री त्या दफनभूमीत पाठवा. त्याच्या हाती भाताची वाटी आहे, शिजवलेली कोंबडी आहे, जाळायचे कागदी पैसे आहेत. कायदा लागू झाला आहे. आता गावी गेला तर परतीची खात्री नाही, आणि न गेला तर बायकोला आणखी किती वर्षे कोंबड्याची बायको म्हणून राहावे लागेल याचा हिशोब नाही. त्याला ज्याचे पान वाढायचे आहे त्या भावाच्या लाकडी पाटीवर कारकुनाने लिहिलेले चुकीचे नाव आहे. समोर, वाटीपासून हातभर अंतरावर, कोणीतरी उकिडवे बसले आहे आणि खात नाही. त्याला भावाचे लहानपणीचे, आईने हाक मारायचे नाव आठवले पाहिजे. शाळेतले नाही, लग्नात मिळालेले नाही, ते पहिले. चौदा वर्षांत ते कोणी उच्चारलेले नाही. त्या नावासाठी आपण दहा पाने घेतलीत तरी वाचक थांबेल. फक्त ते नाव सी यपच्या बोलीत असू द्या, आणि ते उच्चारल्यावर भात कमी झाला की नाही, ते त्याला सकाळी उजेडात पाहू द्या.